बंद खिडक्यांचा हिशेब

आमच्या कार्यालयाच्या खिडक्या उघडतच नसत. दुपारी तीन वाजले की डोकं जड व्हायचं, डोळे चुरचुरायचे. संध्याकाळी रस्त्यावर आलो की बरं वाटायचं. मला वाटे, कामाचाच कंटाळा असेल. पुढे कळलं, या दुखण्यालाही इतिहास आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. काही महिन्यांतच तेल पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं. बाहेरची हवा आत घेतली की ती तापवायला किंवा थंड करायला इंधन लागतं. म्हणून अमेरिकेत इमारतींच्या फटी बुजवल्या गेल्या. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने १९८१ मध्ये धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी ताज्या हवेचं किमान प्रमाण माणशी मिनिटाला अवघं ५ घनफूट ठेवलं. इंधन वाचलं, पण गालिचे, रंग, प्लायवूड यांतून सुटणारी रसायनं आतच कोंडली. नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतात, असं १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने सांगितलं. ‘आजारी इमारत’ हा शब्द रूढ झाला. अखेर १९८९ मध्ये कार्यालयांसाठी ते प्रमाण २० घनफुटांवर न्यावं लागलं.

२००४ मध्ये हैदराबादला सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझिनेस सेंटर उभं राहिलं. तिथे मधोमध अंगण आहे, आणि हवा थंड करून आत सोडणारे वाऱ्याचे मनोरेही आहेत. वीज जरूर वाचवावी. पण हरित इमारत पाहायला गेलात, तर वीजबिलाबरोबर ताज्या हवेचाही आकडा विचारा.