रणगाडा निघाला शेतातल्या चिखलातून

परवा वापसा नसताना घाई करून ट्रॅक्टर रानात घातला अन् मागचं चाक पार एक्सलपर्यंत रुतलं. शेवटी पोकलेन बोलवली. ती चेनवाली, आरामात आत आली. ही चेन मुळात शेतकऱ्याच्याच अडचणीतून निघालेली आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्टॉक्टन शहर आहे. तिथली नदीकाठची जमीन इतकी भुसभुशीत की वाफेचे अवजड ट्रॅक्टर खालीच जायचे. चाकं रुंद करून बघितली, तरी भागेना. मग १९०४ साली बेंजामिन होल्टनं चाकं काढून लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले. वजन पसरलं, यंत्र चाललं. सुरवंटागत सरपटतंय म्हणून नाव पडलं कॅटरपिलर.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. अवजड तोफा ओढायला इंग्रजांनी हेच ट्रॅक्टर घेतले. तिकडं मशीनगनपुढं पोरं पटापट मरत होती. स्विंटन नावाच्या अधिकाऱ्याला होल्टच्या ट्रॅक्टरची माहिती होती. असल्या पट्ट्यांवर चिलखती गाडी चालवावी, ही कल्पना त्यानं वर मांडली. पुढं बनवायचं काम गेलं लिंकनच्या विल्यम फॉस्टर कंपनीकडं. ही मळणीयंत्रं बनवणारी कंपनी बरं का! १९१५ च्या चाचणीत अमेरिकेहून आणलेले पट्टे निसटायला लागले, म्हणून ट्रिटननं पोलादी पट्टे नव्यानं केले. गुपित फुटू नये म्हणून पाण्याची टाकी बनतीय असं सांगायचे, तेच नाव राहिलं, टँक.

१५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये ते पहिल्यांदा लढाईत उतरले. ४९ पैकी ३२ च सुरुवातीच्या जागेवर पोचले. बाकीचे बंद पडले नाहीतर फसले. आत आठ माणसं अन् मधोमध उघडं इंजिन. उन्हाळ्यात मळणी केलेल्यानं त्या धुराचा, उष्म्याचा अंदाज करावा.

मला पटतं ते ४ जुलै १९१८ चं. हॅमेलच्या लढाईत चार मालवाहू टँकनी जेवढा माल पुढं पोचवला, तेवढा डोक्या-खांद्यावरून न्यायला बाराशेच्या आसपास माणसं लागली असती. तेवढ्या जणांचं गोळ्यांखालनं चालणं वाचलं. पोती वाहिलेल्याला हा हिशेब लगेच कळतो.

आता युक्रेनमध्ये तर ड्रायव्हरबिगर चेनच्या छोट्या गाड्या दारूगोळा नेतात, जखमींना मागं आणतात. तिथली माती पण काळी, अन् ओली झाली की तिच्यात रणगाडेसुद्धा रुततात.

आमचं रान अजून ओलंच आहे. ट्रॅक्टर बांधावर उभा आहे.