जनरल मँचेस्टरकर

लढाई लढायला काय काय लागते ते मला सांगता येणार नाही. पण लढाई वाचायला काय लागते ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. एक वर्तमानपत्र, एक नकाशा, एक कप चहा आणि निमूटपणे ऐकून घेणारा एक माणूस. यातला चौथा जिन्नस बाजारात सहसा मिळत नाही. बँकेत मात्र मिळतो, कारण काउंटरमागे बसलेल्या माणसाला उठून पळता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनमध्ये फौजा घुसवल्या, तेव्हा आमच्या शाखेत अकराच्या चहाबरोबर रोज एक आघाडी उघडत असे. ज्या गृहस्थांना ठाण्याहून दादरला वेळेवर पोचता येत नाही, त्यांनी रणगाडे मात्र तीन दिवसांत बेलारूसहून कीव्हला पोचवले होते. कीव्ह काही पडले नाही. गृहस्थही डगमगले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरे शहर घेतले.

दुसऱ्याच्या देशातली लढाई अशी घरबसल्या चालवणाऱ्यांना आपण हसतो. पण या घराण्याचा मूळपुरुष शोधू गेले तर फार मोठा माणूस हाती लागतो. शिवाय आम्हां मंडळींची मान ताठ व्हावी अशी गोष्ट म्हणजे, त्याची उमर कारकुनीत गेलेली. त्याचे नाव फ्रेडरिक एंगल्स. कार्ल मार्क्सच्या नावाला जोडून जे दुसरे दाढीवाले नाव येते, तेच हे.

मार्क्स-एंगल्स म्हटले की आपल्याला लाल निशाण आणि मोर्चा आठवतो. पण या क्रांतिकारकाने जवळजवळ वीस वर्षे मँचेस्टरला, वडिलांची भागीदारी असलेल्या सुताच्या पेढीत खतावण्या सांभाळल्या. दिवसा जमाखर्च, रात्री क्रांती. त्या जमाखर्चावर मार्क्सचा संसार चाले. पैसे पाठवायची तऱ्हा तर अशी, की नोट मधोमध कापायची, अर्धी एका पाकिटातून धाडायची आणि अर्धी दुसऱ्या. टपालात कोणी हात मारलाच तर चोराच्या पदरी अर्धीच नोट. हे वाचल्यावर माझ्या मनात क्रांतीविषयी काही दाटून आले नाही. त्या नोटा घेणाऱ्या लंडनच्या कॅशियरविषयी मात्र आले. भांडवलशाहीविरुद्धचा जगातला सर्वांत जाडजूड ग्रंथ फाटक्या नोटांवर उभा आहे, हे आमच्या कॅश खात्याने विसरू नये.

१८६९ च्या जूनअखेर एंगल्सने पेढीला रामराम ठोकला. शेवटच्या दिवशी तो हातातली काठी हवेत फिरवत, गात घरी आला आणि मग शॅम्पेन झाली, अशी आठवण मार्क्सच्या धाकट्या मुलीने सांगितली आहे. आमच्याकडे शाल, नारळ आणि चांदीचा गणपती यांवर भागते. पण काठी फिरवण्यामागची भावना तीच. आता निवृत्त माणसाला वर्षभराच्या आत काहीतरी उद्योग लागतो, नाहीतर तो घरातल्यांना शिस्त लावू लागतो. एंगल्सला वर्ष संपता संपता एक युद्ध मिळाले.

१९ जुलै १८७० रोजी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. 'पॅल मॅल गॅझेट' नावाचे लंडनचे एक सायंदैनिक होते. मार्क्सच्या ओळखीने एंगल्स त्यात युद्धावर लिहू लागला. २९ जुलैपासून पुढल्या वर्षीच्या १८ फेब्रुवारीपर्यंत त्याने ५९ लेख लिहिले. बहुतेकांखाली सही नव्हती. त्यामुळे लंडनचे सुखवस्तू लोक जेवणाआधी ज्याची लढाई चवीने वाचत होते, तो लेखक त्यांची सुखवस्तू काढून घ्यायच्या मताचा आहे, याची वाचकांना गंधवार्ता नसावी.

त्याचे भांडवल ते किती? तरुणपणी बर्लिनला प्रशियन तोफखान्यात काढलेले एक वर्ष, १८४९ च्या बाडेनच्या उठावात ऐकलेल्या खऱ्या गोळ्या, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे वाचलेली युद्धशास्त्राची पुस्तके. बाकी सगळा माल तुमच्या-आमच्यासारखाच: तारा, वर्तमानपत्रे आणि नकाशा. फरक एवढाच, की हा मनुष्य बातमी कारकुनासारखी वाचायचा. मँचेस्टरमधल्या एका डॉक्टर मित्राचा नातलग प्रशियन पलटणीत होता. त्याची पलटण कुठून निघाली आणि कुठे चालली एवढे कळल्यावर एंगल्सने दिवस मोजले, रस्ते मोजले, रेल्वे पाहिली आणि सगळ्या प्रशियन फौजेचा बेत कागदावर मांडला. एका व्हाउचरवरून अख्खे लेजर ओळखणारे एक हेडक्लार्क मी उमेदवारीत पाहिले होते. त्यांना कोणी दैनिकात लिहायला बोलावले नाही, एवढेच.

ऑगस्टमध्ये फ्रेंचांचे ग्रह फिरले. त्यांची एक मोठी फौज मेत्झच्या किल्ल्यात कोंडली गेली. दुसरी फौज मॅकमहॉन या सेनापतीच्या हाताखाली होती. शहाणपण सांगत होते की तिने पॅरिसच्या रक्षणाला यावे. पॅरिसचे राजकारण सांगत होते की मेत्झ सोडवायला जावे. ती बेल्जियमच्या सरहद्दीच्या कडेकडेने निघाली. २६ ऑगस्टला एंगल्सने लिहिले, की या वाटेने ही फौज बेल्जियमला खेटलेल्या फ्रान्सच्या चिंचोळ्या पट्टीत सापडेल आणि तिथे तिला शस्त्रे खाली ठेवावी लागतील. बरोबर आठवड्याने, २ सप्टेंबरला, तिथून जवळच सेदान येथे सुमारे एक लाख फ्रेंच सैनिक कैद झाले. बरोबर खुद्द बादशहा तिसरा नेपोलियनही होता. एवढे अचूक भाकीत पंचांगातसुद्धा सापडत नाही. मार्क्सच्या घरात एंगल्सला 'जनरल' हे नाव पडले आणि ते जन्मभर टिकले. एकही सैनिक हाताखाली नसलेला हा बहुधा जगातला सर्वांत यशस्वी जनरल.

इथवर सगळी गंमत आहे. घरबसल्या लढाई वाचणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते ती पुढे, जेव्हा एक बाजू जिंकून चुकलेली असते आणि लढाई तरीही थांबत नाही. बादशाही कोसळली, ४ सप्टेंबरला पॅरिसमध्ये प्रजासत्ताक आले, पण प्रशियाला आता अल्सेस आणि लॉरेन हे प्रांत हवे होते. १९ सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला. आधी या युद्धात जर्मन बाजू आत्मसंरक्षणाची आहे असे मानणारा एंगल्स, स्वतः जन्माने प्रशियन असूनही, आता फ्रेंचांच्या बाजूने झुकला. नोव्हेंबरात फ्रेंचांनी ऑर्लेआँ शहर परत घेतले, तेव्हा पारडे फिरेल अशी आशा त्याच्या लेखांतून डोकावू लागली. डिसेंबरात ऑर्लेआँ पुन्हा गेले. नकाशावर आशा धरली की टाचण्या जड होतात.

त्या हिवाळ्यात गणवेश नसलेले फ्रेंच शेतकरी आणि गावकरी आडोशाने गोळ्या घालू लागले. प्रशियनांनी अशांना पकडून ठार करायचे आणि गावे जाळायची असा शिरस्ता पाडला; शातोदँ हे गाव ऑक्टोबरात असेच जाळले गेले. इंग्लंडातल्या पुष्कळांना हे युद्धाच्या नियमाला धरूनच आहे असे वाटे. एंगल्सने नोव्हेंबरात जुने दप्तर उघडले. १८१३ साली, नेपोलियनविरुद्ध लढताना, प्रशियाच्या राजानेच फर्मान काढले होते, की प्रजेने मिळेल त्या हत्याराने, गणवेशाशिवाय, शत्रूला हैराण करावे. म्हणजे तुमच्या आजोबांनी केले ते देशकार्य आणि यांनी केला तो खून! पन्नास वर्षांपूर्वीची नोंद काढून समोर ठेवणे हे कारकुनाचेच काम. सेदानच्या भाकितापेक्षा मला हा लेख मोठा वाटतो. भाकिताला हुशारी पुरते. स्वतःच्या देशाच्या विजयाची मिरवणूक चाललेली असताना त्याचे जुने कागद काढायला आणखी काही लागते.

२८ जानेवारी १८७१ ला पॅरिसने हात टेकले. फ्रान्सला ५०० कोटी फ्रँकचा दंड बसला. आम्हां बँकवाल्यांना भरून यावे अशी गोष्ट म्हणजे फ्रान्सने तो मुदतीआधी, १८७३ च्या सप्टेंबरातच, चुकता केला. असे खातेदार हल्ली होत नाहीत. पण अल्सेस-लॉरेनची बाकी काही फिटली नाही. ती पान उलटून पुढे ओढली गेली. या प्रांतांपायी फ्रान्स रशियाच्या कुशीत ढकलला जाईल, हे मार्क्सने १८७० सालीच लिहून ठेवले होते.

एंगल्सने या खात्यावर पुन्हा एकदा बेरीज मांडली ती १८८७ च्या डिसेंबरात, वयाच्या ६७ व्या वर्षी, एका जुन्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिताना. जर्मनीचे पुढले युद्ध हे जगाचे युद्ध होईल. ८० लाख ते १ कोटी सैनिक एकमेकांवर तुटून पडतील. तीन-चार वर्षांत सबंध खंडाची धूळधाण होईल, दुष्काळ आणि साथी येतील, डझनावारी राजमुकुट रस्त्यावर पडतील. शेवटी जय कामगारांचा होईल, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. पण या भाकितात नदी नाही, किल्ला नाही, अमुक फौज तमुक वाटेने निघाली असे काही नाही. नकाशाच नाही. सतरा वर्षांपूर्वी फौजा मोजणारा जनरल आता माणसे मोजत होता.

ते युद्ध १९१४ साली आले आणि चार वर्षे चालले. रशियाचा झार, जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट गादीवरून गेले. लढणाऱ्यांचा म्हणून जो आकडा एंगल्सने मांडला होता, जवळजवळ तेवढे सैनिक मेले. ताळा पाहायला तो हयात नव्हता. १८९५ सालीच वारला होता.

आमच्याकडे संध्याकाळी बेरीज जुळली की सगळे घरी जातात. इथे बेरीज जुळली ती माणसे घरी न गेल्यामुळे.