पन्हळीचा वळसा

गच्चीवरचं पाणी खाली आणायला काय लागतं? गुरुत्वाकर्षण. मी कॉमर्सचा पदवीधर असलो तरी एवढं मला ठाऊक आहे. पण वाटेत छज्जा, खिडकी आणि सौ.ची तुळस आली, की गुरुत्वाकर्षण पुरत नाही, प्लंबर लागतो.

आमच्या प्लंबरने छज्जा चुकवायला काटकोनात दोन एल्बो जोडले आणि मधला पाइप अगदी आडवा ठेवला. पहिल्याच पावसात त्यात पाला अडकला, सांधा सुटला आणि पाणी आईच्या खोलीच्या भिंतीत मुरलं. आई काही बोलली नाही. तिने फक्त आपली खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली.

बँकेत चूक निघाली की आम्ही जुनी लेजरं काढतो. त्याच सवयीने मी इतिहास काढला. लंडनच्या टॉवरमधला मोठा बुरूज राजा तिसऱ्या हेन्रीने पांढरा करून घेतला आणि १२४० साली हुकूम सोडला, की शिशाच्या पन्हळी थेट जमिनीपर्यंत आणा. नव्या सफेदीवर पाणी ठिबकता कामा नये. म्हणजे राजाची आणि आमच्या सौ.ची काळजी एकच! एरवी छपराचं पाणी लांब फेकून द्यायची रीत. चर्चवरचे दगडी राक्षस तोंडातून तेच करत. खालून जाणाऱ्याचं नशीब! पुढे १७२४च्या कायद्याने लंडनच्या नव्या घरांना पाणी नळाने खाली आणणं सक्तीचं झालं. शिशानंतर ओतीव लोखंड आलं. तांबंही वापरतात, ते कुजत नाही, नुसतं हिरवं होतं. मात्र त्याला लोखंडी पट्टी लावली, तर ओलीत तांबं शाबूत राहतं आणि लोखंडच लवकर गंजतं. थोरामोठ्यांशी सोयरीक केली की असंच व्हायचं.

धातू कुठलाही असो, नियम एकच: अडथळ्याला तिरका वळसा घाला, पण वळशातही उतार सोडू नका. आमच्याकडचं कर्जाचं प्रकरण आडवं पडून राहू शकतं, शेरा घेऊन पुन्हा वरही जाऊ शकतं. पाण्याला ती सोय नाही.

तांब्याचा भाव ऐकून मी प्लास्टिकवरच भागवलं, पण बाक तिरके घेतले.

‘‘एवढा उतार कशाला, साहेब?’’ प्लंबरने विचारलं.

‘‘तिसऱ्या हेन्रीचा हुकूम आहे.’’

हेड ऑफिसचे कुणी साहेब असतील असं समजून त्याने मुकाट्याने काम केलं.

भिंत आता कोरडी आहे. आईची खाट मात्र अजून हातभर पुढेच.

‘‘राहू दे रे,’’ ती म्हणते, ‘‘हस्ताचा पाऊस जायचाय अजून.’’