‘जरा धाक ठेवा’ या वाक्याचा इतिहास

मागच्या गणपतीतली गोष्ट. इथे ऑन्टारिओत आमच्या मंडळानं एका शाळेची जिम भाड्यानं घेतली होती. आरती सुरू झाली, झांजा वाजू लागल्या आणि माझा सहा वर्षांचा मुलगा हात झटकून दाराबाहेर पळाला. मी त्याला गाठलं तेव्हा तो पार्किंग लॉटच्या मधोमध होता आणि मागे येणारी एक गाडी जेमतेम थांबली होती. त्याला कडेवर घेऊन परत आले, तर एक काका म्हणाले, "इकडे फार लाडावून ठेवता तुम्ही मुलांना. जरा धाक ठेवा."

काका मनानं वाईट नाहीत. दर वर्षी मोदकांची जबाबदारी तेच अंगावर घेतात. पण माझ्या मुलाची वाढ वयाच्या मानानं मागे आहे, त्याचं बोलणं अजून तीन वर्षांच्या मुलाएवढं आहे, आणि धाकाचे सगळे प्रयोग आमच्या घरी केव्हाच करून झालेले आहेत. मी इतिहासाची संशोधक. त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले. तुमच्याही समोरून कधीतरी असं मूल धावत जाईल, म्हणून जे हाती लागलं ते सांगते.

१९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी काही व्याख्यानं दिली. मनात आलं की त्याच क्षणी करून मोकळं होणाऱ्या मुलांचं त्यांनी फार बारकाईनं वर्णन केलं. हा आईबापांनी लावलेल्या वळणाचा दोष नसावा, त्याचं मूळ शरीरात असावं, इथपर्यंत ते पोचले होते. पण नाव देताना त्यांनी म्हटलं, ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. शरीराकडे बोट दाखवलं आणि शिक्का मारला तो शीलावर. ‘धाक ठेवा’ हे वाक्य त्याच शिक्क्याच्या कुळातलं.

शिक्का बसलेल्या मुलांचं पुढे काय होई, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. टोरोंटोच्या उत्तरेला, दोन तासांच्या आतबाहेर, सिम्को सरोवराकाठी ओरिलिया हे गाव आहे. तुमच्यातले कितीतरी जण उन्हाळ्यात तिथून गेले असतील. तिथे १८७६ मध्ये सरकारनं मतिमंदांसाठी एक आश्रम उघडला. पुढे त्याचं नाव ‘ह्युरोनिया रीजनल सेंटर’ झालं. घरी आवरत नाही अशा मुलाला तिथे ठेवा, त्यातच सगळ्यांचं भलं आहे, असं डॉक्टर पालकांना सांगत. आवरत नसलेल्या मुलावर तिथे उपाय काय? तिथे वाढलेल्या लोकांनी पुढे सांगितलं: मार, एकांतकोठडी, गुंगीची औषधं. १९६० च्या सुमारास पियर बर्टन हे पत्रकार एका मित्राबरोबर तिथे गेले. त्या मित्राचा मुलगा तिथे राहत होता. अडीच हजारांहून जास्त माणसं, एकमेकांना खेटून लावलेल्या खाटा, गळकी छपरं, दुर्गंधी. त्यांनी ‘टोरोंटो डेली स्टार’मध्ये ते सगळं लिहिलं आणि वाचकांना बजावलं, की आम्हाला माहीत नव्हतं असं आता म्हणू नका. तरीही ती संस्था बंद व्हायला २००९ साल उजाडलं.

आपल्याकडे तसं नव्हतं, असं पटकन म्हणावंसं वाटतं. आपल्याकडे अशी मुलं बहुधा घरातच राहिली, हे खरं. पण पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जात, हेही तुम्ही पाहिलं असेल. मुंबईत वकील दांपत्यानं १९४४ मध्ये शाळा सुरू केली ती स्वतःच्या मुलीसाठी, दीनासाठी, कारण तिच्यासारख्या मुलांना शिकवणारी शाळा त्यांना हवी होती. तीच आजची जय वकील संस्था.

विचाराला खरं वळण मिळालं ते मॉन्ट्रियलमध्ये. मॅकगिल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रेल्वे फाटकाशी मुलांना शिकवतात ना, ‘थांबा, पाहा, ऐका’, तेच त्याचं शीर्षक. तोवर डॉक्टरांचं लक्ष मुलांच्या चुळबुळीवर होतं. डग्लस म्हणाल्या, खरी अडचण हालचालीची नाही. लक्ष टिकवण्याची आणि मनात आलेली कृती क्षणभर रोखून धरण्याची आहे. जवळपास सारख्या दिसणाऱ्या चित्रांतून हुबेहूब जुळणारं चित्र शोधायला दिलं, की ही मुलं सगळी चित्रं नीट पाहण्याआधीच उत्तर देत आणि चुकत. म्हणजे गाडी चांगली आहे, ब्रेक उशिरा लागतो. ब्रेकला धाक दाखवून काय होणार?

मात्र डग्लस यांनी तपासलेली मुलं बुद्धीनं सर्वसाधारण होती. माझ्या मुलासारख्या मुलांबाबत दुसरा धागा मिळाला तो अमेरिकेत. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी विकासात मागे असलेल्या चार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं अचानक मारायची, आदळआपट करायची. त्यांनी आधी शोधलं, की हे नेमकं कधी होतं: काम फार अवघड असतं तेव्हा, की मोठ्यांचं लक्ष नसतं तेव्हा? मग त्या मुलाला तेवढंच मागायला शिकवलं: ‘मला समजत नाही’ किंवा ‘माझं बरोबर चाललंय का?’ मागता येऊ लागलं तशी आदळआपट खूप कमी झाली. ‘अचानक’ वाटणाऱ्या वागण्याआधी बहुतेकदा काहीतरी घडलेलं असतं. ते आपल्याला दिसलेलं नसतं. कधी दात दुखत असतो, कधी कान. म्हणून नवंच काही सुरू झालं तर आधी डॉक्टरांना दाखवायचं.

हे वाचल्यावर मी वहीत नोंदी ठेवू लागले. पळण्याआधी काय झालं? महिनाभरात उत्तर समोर आलं: बंद जागा आणि धातूचा मोठा आवाज. आरतीत तो खोड्या काढत नव्हता. त्याला झांजा सोसत नव्हत्या आणि ‘बाहेर’ हा शब्द वेळेवर सापडत नव्हता. आता त्याच्या गळ्यात दाराचं चित्र असलेलं एक कार्ड असतं. ते दाखवलं की आम्ही बाहेर जातो, लगेच, आरती कितीही रंगलेली असो.

९ डिसेंबर २०१३ रोजी ऑन्टारिओच्या विधिमंडळात प्रीमियर कॅथलीन विन यांनी ह्युरोनियात राहिलेल्यांची माफी मागितली. त्याआधी काही महिने साडेतीन कोटी डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली होती. तो खटला पुढे नेणाऱ्या पॅट्रिशिया सेथ आणि मारी स्लार्क लहानपणी तिथेच डांबल्या गेल्या होत्या. ज्यांना काही समजत नाही असं ठरवलं गेलं होतं, त्यांनीच सरकारला जाब विचारला.

मंडळाकडे माझं मागणं फार मोठं नाही. धाकाचा सल्ला देण्याऐवजी एका माणसानं दारापाशी उभं राहावं. यंदा मी काकांना हे सगळं सांगितलं. ते गप्प ऐकत राहिले. मग आरतीच्या वेळी मोदकांचं ताट कुणाच्यातरी हाती देऊन दाराशी जाऊन उभे राहिले. मुलानं दोनदा कार्ड दाखवलं. तिसऱ्यांदा मात्र विसरला आणि धावला. काकांनी त्याला अडवलं नाही. दार उघडलं, त्याचा हात धरला आणि दोघंही बाहेर गेले.