मिरजेचा तंबोरा

वाचकहो, कीर्तनात उभ्या असलेल्या बुवाला ‘तुमचा सूर उतरला’ असे सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. टाळकरी सांभाळून घेतात, श्रोते पायांवर डोके ठेवतात. ज्याचे नाव झाले, केस पिकले, त्याने आता रियाज कशाला करायचा, असे आमच्या पाटणकडची पोरे मला विचारतात. त्यासाठी तुम्हाला जरा मिरजेस नेतो.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवीत. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा त्यांच्याकडे राहिला. दारूकामाच्या अपघाताने त्याचे डोळे अधू झाले होते. तेच पुढे विष्णु दिगंबर पलुसकर. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शिष्य गुरूच्या घरी आहे तोवर चुकीला जागच्या जागी टोकणारे कोणी असते. बाहेर पडल्यावर कोण टोकणार?

किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) नंतर याच मिरजेचे झाले. १९१० च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमंट्स साहेब बावीस श्रुती मोजायला बसले, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो खाँसाहेबांच्या गळ्याचा. ज्याच्या गळ्यावरून श्रुती मोजाव्यात, त्याने तंबोऱ्याशी घटका घटका का झटावे? पण सुरेल तंबोरा लावण्याबद्दलही त्यांचीच ख्याती. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडच्या प्रवासात त्यांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या स्टेशनावर ते उतरले, तंबोरा लावून घेतला आणि दरबारीत देवाचे नाव घेत तिथेच देह ठेवला, असे सांगतात. मरणाच्या दारातही आधी तार जुळवली! मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे.

हे तंबोरेही मिरजेचेच. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्ये घडवायला घेतली, ती कला तिथे अजून चालू आहे. त्यासाठीचे भोपळे पंढरपूरकडचे, आपल्या चंद्रभागेच्या पाण्यावर वाढलेले. (वारकऱ्याला याचे कौतुक वाटणारच.) चार तारा: पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवून जागा सापडली, की खर्जातून गंधार आपोआप उमटतो. त्या गंधाराची तार लावलेली नसते. तार केसभर उतरली की तो नाहीसा होतो. कान मंदावला असेल तर तो असूनही ऐकू येत नाही.

हे मला फार उशिरा कळले. चाळीस वर्षे कीर्तन केल्यावर मी पहाटेचा तंबोरा सोडला. रोज कुठे ना कुठे गातोच आहोत, वेगळा रियाज कशाला, असे वाटे. एका सप्ताहात पखवाजी पोराच्या हाती नवाच पखवाज दिसला. विचारले, “का रे, नेहमीचा कुठे गेला?” त्याने मान खाली घातली. पेटीवाल्याकडून समजले ते असे. मी काळी चारमध्ये गातो असे मी समजत होतो. दोन वर्षे ही मंडळी गुपचूप पांढरी पाच धरून होती, आणि त्या पट्टीतही माझा षड्ज डळमळे, म्हणून पोराने खालच्या सुराचा पखवाज आणला होता. वय झाले की पट्टी उतरते, त्याची लाज नाही. गावाला कळत होते आणि मला कळत नव्हते, त्याची लाज वाटली. रोज गाणे आणि रोज रियाज करणे यांत हाच फरक आहे, वाचकहो. गाताना लोक आपल्याला ऐकतात, रियाजात आपण स्वतःला ऐकतो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा तंबोरा खाली काढला. पहिले पंधरा दिवस गंधार काही ऐकू आला नाही.

आता कीर्तन सुटले आहे. आषाढात कोयनेकाठच्या ओलाव्याने खुंट्या फुगतात, एकेका तारेला पाव तास लागतो. एकादशीला तो पखवाजी पोरगा भजनाला येतो. त्याला सांगून ठेवले आहे, माझ्यासाठी पखवाज बदलू नकोस, मला थांबव. परवा त्याने पाया पडून झाल्यावर हळूच म्हटले, “बुवा, आज षड्ज जरा खाली आहे.” मी तंबोरा पुन्हा लावायला घेतला.