नास्तिक, ‘नाबाल’ आणि कोल्हापूर प्रकरण

आजची गोष्ट लांबून सुरू होते, पण येते थेट आपल्या कोल्हापुरात. प्रश्न साधा आहे: देव न मानणारा माणूस चांगला असू शकतो का?

‘नाही’ म्हणणारे बऱ्याचदा बायबलातल्या १४ व्या स्तोत्राचा आधार घेतात. (थोड्या फरकाने तेच ५३ वं.) सुरुवातीलाच एक मूर्ख मनात म्हणतो, देव नाही. मग तक्रार येते की सगळेच बिघडलेत, चांगलं वागणारा कुणी उरला नाही. झालं! नास्तिक म्हणजे मूर्ख आणि वर वाईटही. स्क्रीनशॉट काढून फॉरवर्ड करायला एकदम सोपं.

पण जरा खाली स्क्रोल करूया. मूळ हिब्रू शब्द आहे ‘नाबाल’. मराठी बायबलात त्याला ‘मूढ’ म्हटलंय, पण नाबालकडे अक्कल कमी असते असं नाही. यशयाच्या ३२ व्या अध्यायात त्याची ओळख आहे: भुकेल्याला उपाशी ठेवणारा, तहानलेल्याला पाणी न देणारा. पहिल्या शमुवेलाच्या २५ व्या अध्यायात तर नाबाल नावाचा माणूसच भेटतो. ३००० मेंढरं, १००० शेरडं, गडगंज श्रीमंत. दावीदाच्या माणसांनी रानात त्याचे मेंढपाळ सांभाळलेले असतात. लोकर कातरायच्या दिवशी तीच माणसं खायला मागायला येतात, आणि हा त्यांचा अपमान करून रिकाम्या हाताने परत पाठवतो.

स्तोत्राच्या चौथ्या ओवीतही राग कुणावर आहे? भाकरी खावी तशी माणसं खाणाऱ्यांवर. म्हणजे इथं ‘देव नाही’ याचा अर्थ मला असा लागतो: ‘मला जाब विचारणारा कुणी नाही.’ पुढे पौलाने रोमकरांना लिहिताना हेच शब्द सगळ्या मानवजातीला लावले. पण खुद्द स्तोत्रात लगेच पाचव्या ओवीत नीतिमान माणसं येतात. म्हणजे ‘कुणीच चांगला नाही’ हा हिशेब नव्हे, पिचलेल्याचा आक्रोश आहे.

आता कोल्हापूर. चौथे शिवाजी महाराज गादीवर होते, कारभार दिवाण बर्व्यांच्या हातात. महाराजांचा छळ होतोय असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुराव्याची पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, महाराज अहमदनगरला वारले.

टिळक श्रद्धाळू. आगरकर बुद्धीला पटेल तेवढंच मानणारे. पुढे सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. त्याच आगरकरांनी १८८८ पासून ‘सुधारक’मधून बालविवाह आणि विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहिलं. देवाबद्दल दोघांचं पटलं नसतं, पण दुसऱ्याच्या छळाबद्दल बोलायची किंमत दोघांनी एकाच तुरुंगात मोजली.

म्हणून भावांनो, पुढच्या वेळी कुणाला नाबाल ठरवायचं असेल, तर तो देव मानतो का हे नंतर विचारा. त्याच्या दारात आलेला उपाशी परत जातो का, ते आधी बघा.

भेटूया पुढच्या भागात!