कळ दाबली की कायदेशीर

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन तरुण जुन्या शेव्हरोले गाड्या जमिनीलगत आणू लागले. या गाड्यांना पुढे ‘लोरायडर’ हे नाव पडले. काही जण डिकीत वाळूची पोती ठेवत, काही सस्पेन्शनच्या स्प्रिंगचे वेढेच कापत. पोती काढली की गाडी मूळ उंचीवर येई. कापलेली स्प्रिंग मात्र बदलावीच लागे.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली नसावा. कलमात वंशाचा उल्लेख नव्हता (असे कायदे तो क्वचितच करतात). पोलिसांनी गाड्या कोणाच्या अडवल्या, हे त्या वस्त्यांना पाठ होते.

१९५९च्या सुमारास सॅन बर्नार्डिनोच्या रॉन आगिरेने आपल्या कॉर्व्हेटला विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबताच गाडी कायद्याच्या उंचीवर, गस्त पुढे सरकताच पुन्हा खाली. मूळ उंचीकडे परतणे म्हणजे शरणागती. आगिरेने तिचा मुखवटा केला. आज प्रदर्शनांत उड्या मारणाऱ्या गाड्यांची करामत याच पंपांतून वाढली.

ते कलम १ जानेवारी २०२४ रोजी रद्द झाले.